श्वासाचे यंत्र आणि ते लावणारे हात

मा. जिल्हाधिकारी, धाराशिव यांस
(प्रत : जिल्हा शल्यचिकित्सक, धाराशिव, जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, धाराशिव)



रुग्णालयाने ‘आता घरी न्या’ म्हणून परत पाठवलेल्या रुग्णांबद्दल हे पत्र आहे. कुणाचा कर्करोग हाताबाहेर गेलेला असतो, कुणाची फुप्फुसे चुलीच्या धुराने नाहीतर जुन्या क्षयाने निकामी झालेली असतात, कुणाचे हृदय थकलेले असते. त्यांचे पुढचे सगळे घरीच करायचे असते आणि करणारी व्यक्ती बहुधा सून, बायको नाहीतर स्वतःच सत्तरी गाठलेला नवरा असतो. आयुष्मान आरोग्य मंदिरांतून ज्या १२ प्रकारच्या सेवा द्यायच्या ठरल्या आहेत, त्यांत वृद्धांची आणि अशा रुग्णांची उपशामक सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, मोडते. सेवा म्हटली की साहित्य आले, साहित्य म्हटले की खरेदी आली, आणि श्वास लागणाऱ्या रुग्णाचा विषय निघाला की पहिले नाव येते ते ‘वाफेच्या मशीन’चे. माझे म्हणणे एवढेच आहे की, या रुग्णांसाठी कोणतेही यंत्र निवडताना सुरुवात यंत्राच्या माहितीपत्रकापासून होऊ नये. रात्री दोन वाजता, अर्धवट झोपेत, घाबरलेल्या स्थितीत ते यंत्र लावणाऱ्या हातांपासून ती व्हावी. तशी सुरुवात केली तर खरेदीच्या यादीचा क्रम बराचसा उलटा होतो. कसा, ते सविस्तर मांडतो.

हा विषय धाराशिवनेच आधी हाती घ्यावा, असे वाटण्याला एक कारण आहे. १९९९ मध्ये या जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती मिळून केली. गावांचे ५२ समूह पाडले होते आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : आयुष्यात एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी केली तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. तपासणी झालेल्या त्या गटात ३४ मृत्यू झाले, तपासणी न मिळालेल्या तुलनेच्या गटात ६४. पुढे जगभरच्या तपासणी-धोरणांनी या आकड्यांचा आधार घेतला. तुलनेच्या गटाला तपासणी न देणे योग्य होते का, यावर नंतर वादही झडला, आणि तो होणे रास्तच होते. मला इथे त्या ६४ आणि ३४ या आकड्यांमागची वेगळीच गोष्ट पुढे आणायची आहे. त्यातली प्रत्येक बाई काही आठवडे किंवा काही महिने कुठल्यातरी खोलीत पडून होती. त्या आठवड्यांची नोंद कोणत्याही तक्त्यात नाही. कर्करोग लवकर कसा ओळखावा हे या जिल्ह्याने जगाला दाखवले, पण उशिरा ओळखल्या गेलेल्यांचे काय करायचे, हा प्रश्न त्याच्याच दारात राहिला आहे.

आता यंत्राकडे वळू. ‘वाफ’ या एकाच नावाखाली आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या वस्तू चालतात, आणि खरेदीच्या कागदावरही त्यांची सरमिसळ होऊ शकते. एक म्हणजे पाणी उकळून गरम वाफ देणारे प्लॅस्टिकचे भांडे, काहीशे रुपयांना मिळणारे. दुसरे नेब्युलायझर, हे पाणी उकळत नाही, दाबाच्या हवेने किंवा कंपनाने औषधाचे बारीक तुषार करते. तुषार फुप्फुसात खोलवर पोचायचे तर ते १ ते ५ मायक्रॉनचे असावे लागतात. उकळत्या भांड्यात दम्याचे औषध ओतले तर वर येते ती पाण्याची वाफ, औषध तळाशीच राहते. रुग्णालयात ‘वाफ द्या’ ऐकून घरी आलेल्या माणसाला हा फरक कुणी सांगितलेला नसतो. गरम वाफेचा फायदा किती, हेही पाहिले गेले आहे : साध्या सर्दीवर गरम, दमट हवेचा ठळक उपयोग चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलेला नाही. ज्याला स्वतःचे पाय आवरता येत नाहीत, अशा अशक्त माणसाच्या मांडीजवळ उकळते पाणी ठेवण्याचा धोका मात्र उघड आहे. घरगुती साहित्याच्या यादीत हे भांडे नसावे. बरे वाटते म्हणून कुणी घेत असेल तर घेऊ दे. सरकारी पिशवीतून ते जाऊ नये.

नेब्युलायझर ही खरी वैद्यकीय वस्तू आहे आणि योग्य रुग्णाला त्याने आराम पडतो. पण ते घरात कसे चालते, हे एकदा टप्प्याटप्प्याने डोळ्यांसमोर आणावे. कॉम्प्रेसरचा डबा प्लगला लावायचा. नळीचे एक टोक डब्यात, दुसरे औषधाच्या कपात. कपाचे झाकण फिरवून उघडायचे, औषधाची अडीच मिलिलिटरची प्लॅस्टिकची कुपी मान मोडून आत रिकामी करायची, झाकण लावायचे, वर मास्क बसवायचा, रबरी पट्टी डोक्यामागून ओढायची. रुग्णाला उशांचा आधार देऊन बसते करायचे, कारण कप आडवा झाला की तुषार थांबतात. मग दहा-पंधरा मिनिटे घरघर ऐकत बसायचे. कप फुरफुरू लागला की टिचकी मारायची, उरलेले थेंब खाली यावेत म्हणून. झाल्यावर कप, झाकण आणि मास्क सुटे करून धुवायचे व स्वच्छ फडक्यावर वाळत ठेवायचे. ओला कप तसाच बंद केला तर त्यात जंतू वाढतात आणि पुढच्या खेपेला तेच फुप्फुसात जातात. ही एक वेळ झाली. दिवसातून चारदा म्हटले तर चारदा. शेतवस्तीवरच्या घरात या सगळ्याच्या मध्येच वीज गेली तर अर्धे औषध कपातच राहते. दवाखान्यात हीच कृती नर्ससाठी दोन मिनिटांची असते, म्हणून कागदावर ‘वापरण्यास सोपे’ असे लिहिले जाते. कुणाला सोपे, ते लिहिलेले नसते.

याला पर्याय आहे आणि तो स्वस्त आहे : ज्याला लोक ‘पंप’ म्हणतात तो इनहेलर आणि त्याला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर. नुसता पंप या रुग्णांना झेपत नाही. डबी दाबणे आणि त्याच क्षणी श्वास ओढणे हे धडधाकट माणसालाही नीट जमत नाही. १९७५ ते २०१४ या काळातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात इनहेलर पूर्णपणे बरोबर वापरणारे रुग्ण तिघांत एकाहून कमी भरले, आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा दिसली नाही. स्पेसर लावला की वेळ साधण्याची गरज संपते. डबी कुणीही दाबावी, सुनेने दाबावी, नातवाने दाबावी; औषध नळीत थांबते, रुग्णाने मास्कमधून आपल्या चालीने पाच-सहा श्वास घ्यावेत. वीज नको, आवाज नाही, धुणे आठवड्यातून एकदा. दम्याच्या झटक्यावर स्पेसरमधून दिलेले औषध नेब्युलायझरइतकेच चालते, हे चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने वारंवार दाखवले आहे. धुराने खराब झालेल्या फुप्फुसांच्या, म्हणजे सीओपीडीच्या बाबतीत एकीकडे ठाम कौल द्यावा इतका पुरावा जमलेला नाही, हे मान्य. पण जिथे परिणामात मोठा फरक सिद्ध नाही, तिथे घरात टिकणारी वस्तू आधी निवडणे हेच शहाणपणाचे.

अर्थात स्पेसर सगळ्यांना चालणार नाही. तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण घ्या. आपल्या भागात तंबाखू आणि गुटख्याने असे रुग्ण भरपूर आहेत. गालाला जखम असली की नळी ओठांत धरता येत नाही, आणि मास्कची कडा जखमेवर टेकली तर तो कळवळतो. गळ्याला छिद्र पाडून श्वास चालवलेल्या रुग्णाला तोंडावरच्या मास्कचा काहीच उपयोग नाही. त्याला गळ्यावर बसणारा जोड लागतो, तो वेगळा मागवावा लागतो आणि खरेदीच्या यादीत तो हमखास विसरला जातो. ज्यांचा कफ घट्ट झालाय, ज्यांना स्पेसरमधून श्वास ओढण्याइतकेही बळ नाही, त्यांच्यासाठी नेब्युलायझर लागणारच. त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारा, मुठीत मावणारा जाळीचा नेब्युलायझर, ज्याला मेश म्हणतात, तो घ्यावा. तो महाग आहे, पण त्याचा आवाज जवळजवळ येत नाही आणि विजेवाचून काम चालते. त्याचे दुखणे एकच, ती जाळी. तिची छिद्रे इतकी बारीक असतात की बोअरच्या क्षाराच्या पाण्याने चार दिवस धुतली की बुजायला लागतात, आणि कापसाने पुसायला गेले तर फाटतात. म्हणून यंत्राबरोबर डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणि बदली जाळी ही खरेदीच्या अटीतच असावी. नाहीतर महिन्याभरात ते कपाटावर जाईल. असे यंत्र कुणाच्या मालकीचे करू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ते गरजेपुरते उसने मिळावे आणि परत यावे. मास्क, नळी आणि कप मात्र प्रत्येक रुग्णाला नवे.

कोविडच्या काळात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर खेडोपाडी पोचले, त्यामुळे दम लागला की ऑक्सिजन हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्के बसले आहे. रक्तातला ऑक्सिजन खरोखर खाली गेला असेल तर तो द्यावाच. पण शेवटच्या आजारात दम लागण्याचे कारण पुष्कळदा वेगळे असते. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन देशांतील २३९ रुग्णांची चाचणी आली. त्यांचा ऑक्सिजन फार खालावलेला नव्हता, तरी दम लागत होता. निम्म्यांना नाकाच्या नळीतून ऑक्सिजन दिला, निम्म्यांना त्याच यंत्रातून साधी हवा. कुणाला काय मिळते हे त्यांना माहीत नव्हते. सात दिवसांनी दोन्ही गटांना थोडे बरे वाटत होते, आणि ऑक्सिजनने त्यात वेगळी भर घातली नव्हती. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ५० रुग्णांवर त्याहून साधा प्रयोग झाला. हातात धरायचा छोटा पंखा पाच मिनिटे चेहऱ्यावर धरला तर दम कमी जाणवतो, पायावर धरला तर जाणवत नाही, असे दिसले. नाक आणि गालांवर वाऱ्याची थंड झुळूक लागली की मेंदूपर्यंत जाणारी श्वासाची हाक सौम्य होते, असा त्याचा अर्थ लावला जातो. आपल्याकडे आजाऱ्याला वारा घालणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, तिला असा दुजोरा मिळाला. पण सरकारी यादीत पंखा लिहायला संकोच वाटतो, कारण तो वैद्यकीय दिसत नाही. चार्जिंगचा छोटा पंखा दोन-तीनशे रुपयांना मिळतो. तो यादीत सर्वांत वर असावा, असे मी गंभीरपणे सुचवतो.

आणि त्याच्या शेजारी मॉर्फिनची गोळी. इथे क्रम खरोखर उलटा होतो, कारण ही वस्तू यंत्रच नाही. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडावाटे घ्यायचे मॉर्फिन हा पायाभूत उपाय आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ पासून सांगितले आहे. दम लागण्यावरही ते थोड्या मात्रेत दिले जाते. त्याबाबतचा पुरावा मात्र एकसारखा नाही, आणि हे लपवण्यात अर्थ नाही : २००३ मधल्या ४८ रुग्णांच्या चाचणीत त्याने आराम मिळाला, २०२२ मध्ये सीओपीडीच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत मिळाला नाही. म्हणून सीओपीडीत ते जपून, आणि वेदना असलेल्या कर्करोग्यांत निःशंकपणे, असा भेद डॉक्टरांनी करावा. नेब्युलायझरमधून मॉर्फिन द्यावे का, असाही प्रश्न अधूनमधून निघतो. त्या मार्गाने ते मिठाच्या पाण्याहून सरस ठरल्याचा भरवशाचा पुरावा नाही. गोळी पुरे. नाकातून पोटात अन्नाची नळी घातलेली असेल तर साधी, लगेच विरघळणारी गोळी कुटून पाण्यातून देता येते. ‘वापरायला सोपे साधन’ म्हणून जे काही आपण शोधतो आहोत, त्या सगळ्या अटी या गोळीत बसतात. ती काही रुपयांना मिळते, आणि तिच्यासाठी लागणारी अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात, सरकारी परवान्याने पिकते आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते.

यावर पहिला आक्षेप येणार तो गैरवापराचा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्याचा इतिहास पाहावा. १९८५ चा अमली पदार्थ कायदा इतका धाक बसवणारा होता की, रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले आणि १९९७ पर्यंत देशातला त्याचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला. रस्त्यावरची नशा त्यामुळे थांबली असे कुणी म्हणणार नाही. थांबली ती कर्करोग्यांची गोळी. पुढे २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला. मॉर्फिनसह सहा औषधे ‘अत्यावश्यक अमली औषधे’ ठरली, आणि पूर्वीच्या चार-पाच परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या संस्थेला ती ठेवता येतील, अशी सोय झाली. अट अशी की तिथे प्रशिक्षित डॉक्टर हवा आणि साठ्याची नोंदवही चोख हवी. केरळने २००८ मध्ये उपशामक सेवेचे धोरण आणले आणि ती ग्रामपंचायतींशी जोडली; महाराष्ट्राचेही धोरण २०१२ चे आहे. म्हणजे कायदा मोकळा आहे, धोरण कागदावर आहे. उरतो तो तालुक्याच्या ठिकाणी मान्यता घेऊन कपाटाला कुलूप लावण्याचा प्रश्न. उमरगा आणि लोहाऱ्याच्या रुग्णाला दर पंधरवड्याला गोळ्यांसाठी बार्शी, सोलापूर नाहीतर लातूर गाठावे लागू नये, इतकीच माझी मागणी आहे. रिकामी पाकिटे परत घेऊनच पुढच्या गोळ्या द्यायच्या, ही साधी पद्धत गैरवापराला बराच आळा घालते.

आणखी एक यंत्र इथे नजरेआड करता येणार नाही, कारण परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांकडून त्याची चौकशी होऊ लागली आहे : गांजा न जाळता गरम करून त्याची वाफ ओढण्याचे. जर्मनी, कॅनडा अशा देशांत ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर वापरले जाते, आणि हॉस्पिसमधल्या, म्हणजे अखेरच्या आजारातल्या सेवेच्या संस्थेतल्या, रुग्णाला कोणते चालवायला सोपे जाईल यावर तिथे चर्चा चालते. आपल्याकडे गांजा आणि चरस १९८५ च्या कायद्याने बंद आहेत, भांगेची पाने तेवढी त्या व्याख्येबाहेर राहतात, आणि पदार्थ गरम करून ओढण्याची इलेक्ट्रॉनिक साधने २०१९ च्या कायद्याने विकताही येत नाहीत. कायदा बाजूला ठेवला तरी पुरावा फारसा साथ देत नाही. कर्करोगाच्या वेदनेवरील गांजाच्या औषधांचा कोक्रेन आढावा २०२३ मध्ये आला. मॉर्फिनसारख्या औषधांनी न थांबणाऱ्या मध्यम ते तीव्र वेदनेत गांजापासून काढलेल्या औषधांनी आराम पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. उद्या वेगळे संशोधन आले तर वेगळा विचार करू. आज मात्र, जिथे मॉर्फिनच पोचलेले नाही तिथे गांजाच्या यंत्रावर वाद घालत बसणे मला सवडीचा उद्योग वाटतो.

यापेक्षा अवघड आक्षेप नातेवाइकांच्या मनातला आहे. गोळी आणि पंखा दिला तर घरच्यांना वाटते, दवाखान्याने हात वर केले. तोंडावर मास्क, बाजूला घरघरणारे यंत्र असले की निदान काहीतरी चालू आहे असा धीर येतो, आणि भेटायला येणाऱ्या पाहुण्यांपुढे ‘काहीच केलं नाही का?’ या प्रश्नाला उत्तर मिळते. ही गरज खरी आहे, तिला खोटे ठरवू नये. पण रुग्णाच्या बाजूने पाहा. मास्कमुळे त्याला बोलता येत नाही, पाणी मागता येत नाही, तोंड कोरडे पडते, आणि आधीच घुसमटलेल्या माणसाला चेहऱ्यावरचे प्लॅस्टिक कधीकधी जास्तच घुसमटवते. शेवटच्या चार दिवसांत त्याने काय बोलावे आणि कुणाशी, हे त्याचे त्याने ठरवायचे आहे. नातेवाइकांचा धीर यंत्राने मिळत असेल तर माणसानेही मिळतो : आठवड्यातून एकदा दारात येणारी नर्स, फोन उचलणारा डॉक्टर, आणि ‘तुम्ही करताय ते बरोबर आहे’ असे सांगणारी आशाताई. यंत्रापेक्षा हे महाग पडते का, याचा हिशेब आरोग्य विभागाने खरोखर मांडून पाहावा.

आशाताईंवर आणखी एक काम लादायचे का, हा त्याच्या पाठोपाठ येणारा प्रश्न, आणि मोबदल्यावाचून लादायचे असेल तर उत्तर नाही असेच आहे. मोबदला ठरवून दिला तर त्यांना हे जमेल का, याबद्दल मला शंका नाही. याच जिल्ह्यात, अणदूरला, हॅलो मेडिकल फाउंडेशनने फारशा न शिकलेल्या गावातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार करून दाखवले आहे. स्पेसर लावून देणे, गोळ्यांची पाकिटे मोजणे, बद्धकोष्ठतेचे विचारणे (मॉर्फिनबरोबर जुलाबाची गोळी द्यायचीच असते, हे सर्वांत जास्त विसरले जाते) हे त्याहून अवघड नाही. राहिला आक्षेप पैशाचा : जिल्हा ‘आकांक्षित’, म्हणजे मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीतला, मग आधी बाळंतिणी आणि कुपोषित पोरे पाहावीत की मरणाऱ्यांना? हा प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्यात यंत्रांची किंमत गृहीत धरलेली असते. पंखा, स्पेसर, गोळ्या आणि तालुक्याला मोजकेच उसने द्यायचे मेश नेब्युलायझर, हे सगळे मिळून जिल्हा नियोजनाच्या नावीन्यपूर्ण योजनेत सहज बसावे. शिवाय अशा घरात बाई आजाऱ्यापाशी अडकली की मजुरी बुडते आणि पोरांचे जेवण चुकते. त्याची झळ बाळंतिणींना आणि पोरांनाच बसते.

आता खरेदीबद्दल, कारण शेवटी सगळे तिथे येऊन थांबते. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर सर्वांत कमी दराची निविदा निवडली जाते, ते नियमाने ठीकच. पण कमी दराची तुलना करण्याआधी वस्तू पात्र ठरावी लागते, आणि पात्रतेची अट आपणच लिहितो. ती अशी असावी असे सुचवतो : पुरवठादाराने प्रत्येक नमुन्याचे दोन नग आधी द्यावेत. एखाद्या उपकेंद्रात, घरी आजारी माणसाची उस्तवार करणाऱ्या दहा-बारा बाया-माणसांना ते एकदाच करून दाखवावे. दुसऱ्या दिवशी कुणी काही न सांगता त्यांनी ते जोडावे, चालवावे, सुटे करून धुवावे. बहुतेकांना जे जमणार नाही ते बाद. सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत, चित्रांसह हव्यात. मास्क, नळ्या, जाळी आणि गळ्याचा जोड यांचे पुढच्या दोन वर्षांचे दर मूळ निविदेतच बांधून घ्यावेत. आता जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; ही चाचणी घ्यायला आणि तिचा अहवाल लिहायला तिथले विद्यार्थी आणि शिक्षक उपयोगी पडतील, आणि त्यांनाही वॉर्डबाहेरचे काही शिकता येईल.

सुरुवात सगळ्या आठ तालुक्यांत एकदम करू नये. परंडा आणि भूम हे दोन तालुके १९८७ पासून बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत आहेत. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. तिचे कार्यकर्ते तीन दशकांहून अधिक काळ या गावांतून फिरत आले आहेत. कोणत्या गावात कर्करोगाचा रुग्ण आहे, हे शोधण्यासाठी नवे सर्वेक्षण लागणार नाही. नोंदणीतली नावे गोपनीय असतात, म्हणून यादी थेट मागू नये. नोंदणीच्या माणसांनीच घरी विचारावे की उपशामक सेवेची नर्स आलेली चालेल का, आणि होकार आला तरच पुढे जावे. परंडा आणि भूमच्या सरकारी रुग्णालयांना मॉर्फिनसाठी मान्यता मिळावी म्हणून अर्ज करणे, त्यासाठी प्रत्येकी एका डॉक्टरला प्रशिक्षणाला पाठवणे आणि वर सांगितलेली नमुन्यांची चाचणी घेणे, ही तीन कामे आपल्या कार्यालयाच्या एका आदेशाने सुरू होऊ शकतात. पहिले काम आधी व्हावे, अशी विनंती आहे; मान्यता मिळायला वेळ लागतो, आणि पंखा तोवर बाजारातही मिळतो.

आपला,
धाराशिव जिल्ह्यातील एक नागरिक